निळ्या मुळांचा पुरावा

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गहू पिकवणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एका रोगाला ‘टेक-ऑल’ असे नाव दिले. सगळे घेऊन जाणारा रोग. पीक हिरवेगार वाढते, ओंब्या बाहेर पडतात आणि दाणा भरायच्या ऐन दिवसांत शेतात मधूनमधून पांढरे पट्टे दिसू लागतात. जवळ जाऊन पाहावे तर ओंबी वाळून गेलेली, आत दाणा नाही; असलाच तर चिमलेला. झाडाला हात घातला की ते विनासायास उपटून येते, कारण त्याला जमिनीत धरून ठेवायला मूळच शिल्लक नसते. जे असते ते काळे ठिक्कर पडून सडलेले.

१९०४ मध्ये व्हिक्टोरिया प्रांताचे सरकारी वनस्पतिरोगतज्ज्ञ डॅनियल मॅकअल्पाइन यांनी या नासाडीचे मूळ एका बुरशीत असल्याचे दाखवून दिले. तिचे तेव्हाचे नाव ओफिओबोलस ग्रॅमिनिस. पुढे तिला गॉयमॅनोमायसिस हे नाव मिळाले. मागच्या हंगामाच्या धसकटांवर ती तग धरून राहते. नव्या पिकाची मुळे जवळ आली की तिचे गडद तंतू मुळाच्या अंगावरून पसरत जातात, मग आत घुसतात आणि पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांपर्यंत पोचून त्या निकामी करतात. वर ओंबी पांढरी पडते ती तहानेने. पानावरची अळी दिसते, तांबेरा दिसतो, वेळेवर दिसला तर काही उपाय तरी करता येतो. टेक-ऑल दिसतो तेव्हा खालचा खेळ संपलेला असतो. या रोगाला पुरून उरेल असा गव्हाचा वाण पैदासकारांना आजवर देता आलेला नाही. हरभऱ्यातला मर रोग ज्याने आपल्या रानात पाहिला आहे त्याला ही हतबलता वेगळी समजावून सांगायला नको.

त्याच जमिनीत ओट पेरला, तर त्याचे मात्र काही बिघडत नसे. गहू आणि ओट दोन्ही गवताच्या कुळातले. मुळे सारखी, माती तीच, बुरशीही तीच. गव्हाच्या फेरपालटात मध्ये ओट घेतला की जमिनीतला रोग ओसरतो, हे शेतकऱ्यांना अनुभवाने माहीत होते. पण ओट वाचतो कसा, हे कोणालाच सांगता येत नव्हते. या प्रश्नाच्या उत्तराचा अंदाज तुलनेने लवकर आला. तो अंदाज खरा आहे हे सिद्ध व्हायला मात्र त्यानंतरही जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली, आणि या शोधातले खरे नाट्य त्या चाळीस वर्षांत आहे.

धागा हाती लागला तो एका अपवादामुळे. १९४० मध्ये ई. एम. टर्नर यांनी वेल्समधून नोंद केली, की तिथे ओटलाही टेक-ऑल होतो आहे. ज्या पिकावर या बाबतीत डोळे मिटून विसंबायचे तेच पीक पांढरे पडत होते. टर्नर यांनी त्या रोगट झाडांवरची बुरशी वेगळी काढून तपासली. ती गव्हावरच्या बुरशीच्या इतकी जवळची होती की तिला वेगळी जात म्हणता येईना, आणि तिच्यात इतका फरक होता की तीच म्हणूनही चालेना. शेवटी त्यांनी तिला स्वतंत्र उपप्रकाराचा दर्जा दिला आणि ओटच्या अव्हेना या शास्त्रीय नावावरून ‘अव्हेनी’ असे नाव दिले. अव्हेनी गहूही मारते आणि ओटही. गव्हावरची नेहमीची बुरशी ओटपुढे हात टेकते.

या सगळ्या कथेतली मला सर्वांत मोलाची वाटते ती ही नोंद. गहू आणि ओट यांच्यात हजार गोष्टी वेगळ्या आहेत, त्यामुळे त्या दोघांची तुलना करून ओटचे रहस्य शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे होते. पण आता जवळजवळ सारख्या दोन बुरश्या समोर होत्या. एकीला ओटचे संरक्षण भेदता येते, दुसरीला येत नाही. तेव्हा प्रश्न उलटा विचारता आला : अव्हेनीजवळ असे काय आहे?

टर्नर यांनी हा प्रश्न सोडला नाही. १९५३ पासून प्रसिद्ध झालेल्या निबंधांतून त्यांनी पायरी पायरीने उत्तर मांडले. ओटच्या रोपाच्या रसात गव्हावरची बुरशी वाढत नाही. म्हणजे त्या रसात तिला रोखणारे काहीतरी आहे. अव्हेनी मात्र तोच रस पचवते. १९६१ च्या निबंधात त्यांनी त्यामागचे कारण सांगितले : अव्हेनी एक विकर तयार करते आणि त्या विकराने ओटमधला रोधक पदार्थ निष्प्रभ होतो. एका बाजूला विष, दुसऱ्या बाजूला त्यावरचा उतारा. कोणती बुरशी कोणत्या पिकावर जगेल हे एका विकराच्या असण्यानसण्यावर ठरत असेल, ही कल्पना त्या काळात धाडसाची होती.

ते विष नेमके कोणते, हे ठरवायला रसायनशास्त्रज्ञ हवे होते. १९६४ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या जेकब मेझेल, बर्कहार्ट आणि हर्शेल मिचेल यांनी ओटमधून हा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला ‘अव्हेनासिन’ म्हटले. पुढे १९८६ मध्ये नॉटिंगहॅमच्या लेस्ली क्रॉम्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना पक्की उलगडली. तो एक पदार्थ नव्हता, चार भावंडे होती : ए-१, ए-२, बी-१ आणि बी-२. चारही सॅपोनिन या वर्गातली. हा वर्ग आपल्याला परका नाही. पाण्यात रिठा कुस्करल्यावर जो फेस येतो तो सॅपोनिनांचा, शिकेकाईतही तीच असतात. या रेणूचा एक भाग स्निग्धाशी मैत्री करणारा असतो, दुसरा साखरेचा आणि म्हणून पाण्याशी. केसांतला मळ सुटतो तो या दुहेरी स्वभावामुळे. बुरशीच्या बाबतीत हाच स्वभाव घातक ठरतो. बुरशीच्या पेशीपटलात स्टेरॉल नावाचे रेणू असतात. अव्हेनासिन त्यांना जाऊन चिकटते, पटल विसकटते, पेशीतला ऐवज बाहेर झिरपू लागतो आणि तंतू मरतो.

अव्हेनासिनाला तीन साखरा जोडलेल्या असतात : एक अरॅबिनोज, आणि तिला लागलेले दोन ग्लुकोज. सगळी मारकशक्ती या शेपटावर अवलंबून आहे. अव्हेनीचे विकर पुढे येऊन ते दोन ग्लुकोज कापून टाकते. बाकी सगळा रेणू तसाच राहतो, पण त्याची धार जाते.

सर्वांत प्रभावी असलेल्या ए-१ या भावंडाला आणखी एक गुण आहे आणि त्याचे महत्त्व पुढे कळणार होते. त्याच्या रेणूला एक असा तुकडा जोडलेला असतो की अतिनील किरण पडले की तो निळा उजळतो. मुळांच्या अशा उजळण्याकडे वनस्पतिशास्त्रज्ञांचे लक्ष आधीच गेले होते; अमेरिकेतल्या रिचर्ड गुडविन आणि फ्रेडरिक कॅव्हनाग यांनी १९४८ मध्ये कितीतरी वनस्पतींची मुळे अतिनील दिव्याखाली धरून पाहिली होती. ओटचे कोवळे मूळ दिव्याखाली धरले तर टोकाशी आणि जिथून उपमुळे फुटतात तिथे, अगदी बाहेरच्या पेशींच्या थरात, निळा उजेड दिसतो. मातीशी पहिली गाठ जिथे पडते, बुरशी आधी जिथे पोचते, नेमके तिथेच विष भरून ठेवलेले. आणि ते रोग आल्यावर तयार होत नाही. मूळ निरोगी असतानाच ते तिथे असते. हा मुद्दा महत्त्वाचा होता, कारण टर्नर यांच्या नोंदीच्याच वर्षी, १९४० मध्ये, जर्मनीत म्युलर आणि बोर्गर यांनी बटाट्यावर काम करताना वेगळी कल्पना मांडली होती : हल्ला झाल्यावर वनस्पती संरक्षक रसायन नव्याने तयार करते. पुढची कित्येक वर्षे संशोधकांचे लक्ष या दुसऱ्या प्रकारावरच अधिक राहिले.

इथवर सगळे जुळले होते. विष सापडले, त्याची रचना कळली, जागा कळली, उतारा कळला. मग सिद्ध व्हायचे काय उरले?

उरले होते ते फार मोठे होते. काचेच्या बशीत बुरशीवर विष टाकले आणि ती मेली, एवढ्यावरून जिवंत झाडात ते विषच झाडाला वाचवते असे म्हणता येत नाही. रस काढताना आपण मूळ वाटतो, पेशी फोडतो, निरनिराळ्या कप्प्यांतले पदार्थ एकत्र आणतो. जिवंत मुळात बुरशी त्या विषापर्यंत पोचते तरी का? पोचली तर मात्रा पुरेशी असते का? ओटजवळ याखेरीज दहा संरक्षणे असतील आणि हे त्यांतले बिनमहत्त्वाचे असेल, तर? या शंका घेणारे खोडसाळ नव्हते.

त्या शंका किती रास्त होत्या हे आपल्या ज्वारीवरून दिसते. कोवळी, पाण्याच्या ताणावर असलेली ज्वारी जनावराने खाल्ली तर त्याला किराळ लागते, हे गावोगावी माहीत आहे. ज्वारीत धुरिन नावाचे संयुग असते आणि पेशी चावली गेली की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. ग्लोइओसर्कोस्पोरा सॉर्घाय ही बुरशी ज्वारीच्या पानावर पट्ट्यापट्ट्यांचे ठिपके पाडते, आणि तिच्याजवळ सायनाइड निकामी करणारे विकर आहे. सगळ्यांना वाटत होते की या विकराच्या जोरावरच ती ज्वारीवर जगते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या वँग, सँड्रॉक आणि व्हॅनएटन यांनी त्या बुरशीतले हे विकर बनवणारे जनुक मोडून पाहिले. बुरशी सायनाइडला हळवी झाली, हे खरे. पण ज्वारीला ती आधीसारखीच रोग करत राहिली. टर्नर यांच्या तर्काशी हुबेहूब जुळणारा तर्क ज्वारीत मोडून पडला. म्हणून ‘विष आहे’ आणि ‘विषामुळे वाचते’ यांत अंतर ठेवायचे असते. ते अंतर पार करायचा एकच खात्रीचा मार्ग : ज्याच्यावर संशय आहे ते काढून टाकायचे आणि काय होते ते पाहायचे.

काढून टाकण्याची ही साधने १९८०च्या दशकाअखेर हाती आली. इंग्लंडमध्ये नॉरिच शहरात १९८७ मध्ये सेन्सबरी प्रयोगशाळा सुरू झाली. तिथे माइक डॅनियल्स यांच्या गटात अ‍ॅन ऑसबोर्न यांनी टर्नर यांचा तीस वर्षांपूर्वीचा धागा पुन्हा उचलला. आधी अव्हेनीचे ते विकर शुद्ध करावे लागले. त्याचे गुणधर्म १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘अव्हेनासिनेज’ हे नाव रूढ झाले. मग त्या प्रथिनावरून त्याच्या जनुकापर्यंत पोचायचे. आणि मग अव्हेनीच्या जिवंत पेशीत, बाकी एकाही जनुकाला धक्का न लावता, तेवढे एक जनुक मोडायचे.

पॉल बाउयर, ऑसबोर्न आणि सहकाऱ्यांनी ते साधले. जनुक मोडलेली अव्हेनी वाढवली, आणि तिला दोन पिकांपुढे उभे केले.

गव्हाच्या रोपांवर ती पूर्वीच्याच ताकदीने तुटून पडली. मुळे काळी पडली, रोग पूर्ण झाला. म्हणजे जनुक मोडताना बुरशी दुबळी झालेली नव्हती. तिची रोग करण्याची मूळ क्षमता शाबूत होती. ओटच्या रोपांना मात्र ती काही करू शकली नाही. जी बुरशी पिढ्यान् पिढ्या ओट मारत आली होती, ती एका विकरावाचून ओटसमोर गव्हावरच्या साध्या बुरशीइतकीच निष्प्रभ झाली. १९९५ च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात हा निबंध आला. टर्नर यांनी विकराचा तर्क मांडल्याला तेव्हा चौतीस वर्षे झाली होती.

एवढ्यावर कोणी विजयाची घोषणा केली असती तर ते समजण्यासारखे होते. पण काटेकोर वाचकाला एक फट दिसत होती. विकर काढल्यावर बुरशी हरली. यावरून विकर आवश्यक आहे हे सिद्ध झाले. ओटच्या बाजूने अव्हेनासिन आवश्यक आहे हे सिद्ध होण्यासाठी अव्हेनासिन नसलेला ओट हवा होता.

निसर्गात तसा एक होता. अव्हेना लाँगिग्लुमिस या रानटी जातीच्या मुळांत अव्हेनासिन नसते, आणि १९९४ मध्ये याच गटाने दाखवले होते की गव्हावरची बुरशी या जातीला खुशाल रोग करते. पुरावा चांगला होता, पण आडवळणाचा. लाँगिग्लुमिस ही स्वतंत्र जात; तिच्यात आणि इतर ओटमध्ये अव्हेनासिनाखेरीज इतरही बरेच काही वेगळे असणार. न्यायालयात असा पुरावा परिस्थितिजन्य ठरला असता. हवा होता तोच ओट, फक्त विषावाचूनचा.

असे झाड मिळवायचे तर उत्परिवर्तने घडवावी लागणार होती, आणि आपण खातो त्या ओटमध्ये ते जवळजवळ अशक्य होते. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे सहा संच असतात, एकूण बेचाळीस गुणसूत्रे. एका संचातले जनुक बिघडले तरी बाकीचे ते काम निभावून नेतात आणि बिघाड झाकला जातो. म्हणून कालिओपी पापादोपुलू, ऑसबोर्न आणि सहकाऱ्यांनी अव्हेना स्ट्रिगोसा हा साधा, चौदाच गुणसूत्रांचा ओट निवडला. त्याचे बी सोडियम अझाइडच्या द्रावणात भिजवले. हे रसायन डीएनएत जागोजागी चुका घडवते. झाडे वाढवली, त्यांचे बी धरले आणि पुढच्या पिढीची कोवळी मुळे पाहायला घेतली.

आता हजारो रोपांतून विष नसलेले रोप ओळखायचे कसे? प्रत्येक मुळाचे रासायनिक पृथक्करण करत बसले असते तर आयुष्य गेले असते. इथे तो निळा उजेड कामी आला. अतिनील दिव्याखाली मुळांच्या रांगाच्या रांगा पाहायच्या. सगळी टोके निळी. त्यांत एखादे मूळ मंद किंवा काळोखे दिसले, की ते बाजूला काढायचे. गुडविन आणि कॅव्हनाग यांनी कुतूहलापोटी नोंदवलेल्या प्रकारचा उजेड अर्ध्या शतकाने असा चाळणी म्हणून वापरला गेला. किती साधी युक्ती, आणि किती अचूक! माझ्या मते या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

अशी मूठभर काळोखी रोपे हाती आली. त्यांना ‘सॅड’ असे संक्षिप्त नाव मिळाले आणि पुढे सॅड-१, सॅड-२ असे क्रमांक. त्या रोपांच्या मुळांवर गव्हाचा टेक-ऑल सोडला. त्यांना रोग झाला. ज्या ओटला ही बुरशी कधी शिवली नव्हती त्याची मुळे सडली. फ्युजेरियम प्रजातीतल्या बुरश्यांपुढेही ती रोपे दुबळी ठरली. संकर करून पुढच्या पिढ्या तपासल्या तेव्हा काळोखे मूळ आणि रोगाला बळी पडणे या दोन गोष्टी एकत्रच वारशाने जाताना दिसल्या. १९९९ मध्ये हे निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आले. बुरशीकडून आणि झाडाकडून, दोन्ही बाजूंनी काढून पाहण्याची परीक्षा झाली होती. ज्वारीच्या बुरशीतला तर्क त्याच वर्षी कोसळला आणि ओटमधला उभा राहिला.

या काळोख्या रोपांनी पुढे आणखी एक अनपेक्षित गोष्ट दाखवली.

सॅड रोपांतली बिघडलेली जनुके शोधण्याचे काम सुरू झाले. २००१ मध्ये कॉस्मास हारालांपिडिस आणि सहकाऱ्यांनी सॅड-१ ओळखले. ते बीटा-अमायरिन नावाचा सांगाडा तयार करणाऱ्या विकराचे जनुक निघाले. अव्हेनासिनाच्या घडणीची ही पहिली पायरी. हे जनुक उत्क्रांतीत आले ते वनस्पतीच्या स्वतःच्या स्टेरॉल बनवणाऱ्या जनुकावरून. २००६ मध्ये सॅड-२ कळले, तर तेही स्टेरॉल बनवण्यातल्याच एका अत्यावश्यक विकराचे वंशज. बुरशीच्या स्टेरॉलवर घाव घालणारे हत्यार ओटने घडवले ते आपल्या स्टेरॉलच्या कारखान्यातल्या अवजारांच्या नकला करून.

त्याआधी, २००४ मध्ये, श्याओछ्वान छी आणि ऑसबोर्न यांच्या निबंधाने मोठा धक्का दिला होता. सॅडची निरनिराळी जनुके संकरांमध्ये वेगवेगळी होतच नव्हती. एक अपवाद सोडला तर ती एकत्रच पुढच्या पिढीत जात होती. म्हणजे ती गुणसूत्रावर शेजारीशेजारी बसलेली होती. जिवाणूंमध्ये असे असते. वनस्पतींत एका पदार्थाची जनुके गुणसूत्रांवर कुठेही विखुरलेली असतात, असे पाठ्यपुस्तके सांगत. इथे ती मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांसारखी एकाच ठिकाणी होती.

अशा गटाचे आधीचे उदाहरणही एका धान्याचेच आणि बुरशीविरोधी विषाचेच होते. १९४५ चे नोबेल मिळवणारे फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी हिएताला यांच्याबरोबर १९५५ मध्ये राय या धान्याच्या रोपांतून फ्युजेरियमला रोखणारा एक पदार्थ वेगळा काढला होता. पुढे कळले की तो ज्या संयुगांच्या विघटनातून येतो ती संयुगे गव्हात आणि मक्यातही असतात. म्युनिकच्या मोनिका फ्राय आणि आल्फोन्स गिर्ल यांच्या गटाने १९९७ मध्ये मक्यातली ती बनवणारी जनुके शोधली, तेव्हा ती एका गुणसूत्रावर दाटीने बसलेली सापडली. तेव्हा तो एक अपवाद वाटला. ओटनंतर तसे म्हणता येईना. ऑसबोर्न यांच्या गटाने २००८ मध्ये अरबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपातही असा गट दाखवला, आणि नंतर निरनिराळ्या वनस्पतींत ते सापडतच गेले.

जनुके एकत्र का राहतात, याचे एक उत्तर सॅड-३ आणि सॅड-४ या रोपांत मिळाले. त्यांच्यात अव्हेनासिनाची घडण अगदी शेवटच्या टप्प्यावर अडते. एक ग्लुकोज लागायचा राहतो. अशा रोपांची मुळे खुरटी राहतात आणि मुळावरची केसांसारखी लव नीट वाढत नाही. अर्धवट घडलेले विष झाडालाच बाधते. संशोधकांनी मग सॅड-३ चा संकर सॅड-१ शी केला. पहिलीच पायरी बंद, त्यामुळे अर्धवट पदार्थ तयार व्हायचा प्रश्नच नाही. मुळे पूर्ववत झाली. पूर्ण विष चालते, अजिबात नसले तरी मूळ वाढते. अधले-मधले मात्र घातक. जनुके विखुरलेली असती तर पुढच्या पिढीत कोणाला दहा मिळाली असती, कोणाला सहा, आणि त्या अपुऱ्या वारशाने रोपे स्वतःच्या हाताने खुरटली असती. गट एकत्र असला की वारसा सगळा मिळतो किंवा अजिबात मिळत नाही.

ओट स्वतःला या विषापासून सांभाळतो तोही मोठ्या काळजीने. पूर्ण झालेले अव्हेनासिन पेशीतल्या रिक्तिकेत कोंडून ठेवलेले असते, आणि २०१९ मध्ये अनास्तासिया ऑर्म, ऑसबोर्न व सहकाऱ्यांनी दाखवले की शेवटचा ग्लुकोज लावणारे विकरही रिक्तिकेच्या आतच काम करते. धार लागते ती कोंडल्यावर.

२०२१ मध्ये यान ली, ऑसबोर्न आणि चीनमधल्या सहकाऱ्यांनी अव्हेना स्ट्रिगोसाचा संपूर्ण जीनोम वाचून हा हिशेब पुरा केला. बारा जनुके, गुणसूत्राच्या टोकाजवळ. त्यांची रांग जवळजवळ त्याच क्रमाने, ज्या क्रमाने अव्हेनासिन घडत जाते. इतर गवतांत त्या ठिकाणी असे काही नाही. हा गट ओटचा वंश वेगळा झाल्यानंतर नव्याने जुळून आलेला आहे. बाराही जनुके तंबाखूच्या कुळातल्या एका रोपाच्या पानात घातली, तर तिथेही अव्हेनासिन बनले.

मग गव्हाचे काय? ज्याच्या पांढऱ्या ओंब्यांपासून हे सगळे सुरू झाले त्याला ही बारा जनुके देता येतील का? कल्पना उघड आहे आणि तिच्यावर काम चालू आहे. पण सॅड-३ ची खुरटी मुळे सांगतात की हे देणे अर्धेमुर्धे चालणार नाही : बाराही जनुके चालली पाहिजेत, मुळाच्या टोकावरच्या योग्य पेशींत चालली पाहिजेत, आणि विष रिक्तिकेत कोंडले गेले पाहिजे.

दरम्यान गव्हाकडे स्वतःचेही काही आहे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून वर्षानुवर्षे गव्हावर गहू घेतला जातो आहे. अशा शेतांत टेक-ऑल सुरुवातीला वाढतो आणि काही वर्षांनी आपोआप ओसरतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात जेम्स कुक आणि डेव्हिड वेलर यांनी अशा ओसरण्याचा माग काढला, तेव्हा गव्हाच्या मुळांभोवती वाढणारे स्युडोमोनास जिवाणू पुढे आले. ते बुरशीनाशक रसायन बनवतात. ओट आपले विष स्वतः घडवतो, गव्हाला ते शेजारी राहणाऱ्यांकडून मिळते आणि त्यासाठी काही हंगाम रोग सोसावा लागतो. तेवढा धीर धरणे प्रत्येक शेतकऱ्याला परवडतेच असे नाही. २०२२ मध्ये गाय पोल्तुराक, ऑसबोर्न आणि सहकाऱ्यांनी गव्हाच्या जीनोममध्येही जनुकांचे सहा गट शोधले. रोगकारकाचा हल्ला झाला की ते जागे होतात आणि त्यांच्यातून नवी संयुगे तयार होतात. त्यांतल्या एकाला एलारिनासिन असे नाव दिले आहे.

ही संयुगे गव्हाला खरोखर वाचवतात का, याचा निवाडाही ओटसारखाच करावा लागेल : गट मोडलेला गहू तयार करायचा आणि त्याच्यावर रोग सोडायचा. गव्हात हे काम ओटहून सोपे नाही, कारण त्याच्याही पेशीत गुणसूत्रांचे सहा संच आहेत. अव्हेनासिन बनवणारा गहू उद्या तयार झाला, तर त्याची पहिली परीक्षा कोणाशी घ्यायची हे मात्र आधीच ठरलेले आहे. ती गव्हावरच्या नेहमीच्या बुरशीशी घेऊन भागणार नाही. टर्नर यांनी १९४० मध्ये नोंदवलेली अव्हेनी आजही मातीत आहे, आणि तिच्याजवळ उतारा आहे.